भविष्य दिसलं म्हणून थरार संपत नाही: 'पुश' (२००९)

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देतो: 'पुश'. २००९चा चित्रपट, दिग्दर्शक पॉल मॅक्गिगन, आणि पुढे कॅप्टन अमेरिका झालेला ख्रिस एव्हन्स त्यात नायक. मनःशक्ती असलेल्या माणसांवरचा दुर्लक्षित सायन्स फिक्शन थ्रिलर सुचवा, एवढंच विचारलं असतंत तर इथेच थांबलो असतो. पण खाली तुम्ही जोडलंय की, "पात्रांना आधीच भविष्य दिसत असेल तर मग थरार उरतो कुठे?" हे वाक्य मी वर्षानुवर्षं एका माणसाकडून ऐकत आलोय. तुम्ही माझे मावसभाऊच तर नाही ना, अशी शंकाही येऊन गेली. नसाल तर माफ करा, उत्तर जरा लांबणार आहे.

गणपतीत आम्ही सगळे गुहागरकडे माईमावशीच्या घरी जमतो. त्या वर्षी दीड दिवसाचं विसर्जन उरकलं होतं, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, पत्ते खेळून पोरंटोरं कंटाळली होती. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि 'पुश' लावला. हा पिक्चर मी तोवर बऱ्याचदा पाहिलेला, आणि घरातल्यांना दाखवायची हौस मनात होतीच.

दादा, म्हणजे मावशीचा मोठा मुलगा, पुण्यात आयटीत मोठ्या हुद्द्यावर आहे. त्याला घरात कुठलीही गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय आवडून घेतलेली चालत नाही. चित्रपटाची सुरुवातीची दोन-तीन मिनिटं अख्ख्या गोष्टीचा पाया आहेत: १९४५च्या आसपास नाझींनी असल्या शक्तींच्या माणसांवर प्रयोग केले, युद्ध संपल्यावर इतर देशांनी तेच पुढे चालवलं, त्यातून 'डिव्हिजन' नावाची सरकारी यंत्रणा झाली, आणि आता ती अशा माणसांना हुडकून, औषधं टोचून हत्यारं बनवते आहे. नेमका तेव्हाच दादाला ऑफिसचा फोन आला. तो पडवीत जाऊन बोलून आला आणि बसल्या बसल्या, "हा कोण? ती कोण? हे वास कसला घेतायत?" सुरू.

वास घेणारे म्हणजे 'स्निफ'. एखादी वस्तू हुंगून ती कुणाच्या हातात होती, तो माणूस कुठे गेला, हे त्यांना कळतं. 'मूव्हर' वस्तू हात न लावता हलवतात, 'पुशर' दुसऱ्याच्या डोक्यात खोटी आठवण किंवा हुकूम घुसवतात, 'वॉचर'ना भविष्य दिसतं, 'शॅडो' माणसाला स्निफपासून झाकून ठेवतात, 'शिफ्टर' थोड्या वेळापुरतं वस्तूचं रूप पालटतात, 'स्टिच' हाताने जखमा भरतात आणि मनात आलं तर पुन्हा उघडतात, 'ब्लीडर' किंचाळून समोरच्याच्या नसा फोडतात, 'वायपर' आठवण पुसतात. यादी मोठी वाटते, पण प्रत्येक जण आपलं काम करताना दिसतो, त्यामुळे पाठ करावी लागत नाही. फोनमध्ये डोकं नसलं म्हणजे झालं.

मासळी बाजारात ब्लीडर मंडळी नायकाच्या मागे लागतात आणि त्यांच्या किंकाळीने माशांच्या काचेच्या टाक्या फटाफट फुटतात, तिथे पोरं उठून उभी राहिली होती. म्हटलं, जमलं. मग कॅसी नावाची तेरा वर्षांची मुलगी (डकोटा फॅनिंग) वहीत एक चित्र काढते. ती वॉचर आहे आणि चित्रकला अगदी बेतास बात, त्यामुळे तिचं भविष्य म्हणजे काड्यांची माणसं नि वेड्यावाकड्या रेघा. ती नायकाला सांगते की या चित्रात आपण दोघे मरतो.

झालं. दादाने रिमोट उचलला. "शेवट सांगून टाकला की! आता बघायचं काय? आणि हे सगळं एक्स-मेनचं स्वस्तातलं कॉपी आहे," असं म्हणून मॅच लावली. कुठली मॅच, तर आधी होऊन गेलेली, निकाल अख्ख्या घराला ठाऊक असलेली! शेवट माहीत असलेली मॅच त्याला रात्री साडेअकरापर्यंत थरारक वाटत होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

माईमावशी कोपऱ्यात कापूस घेऊन वाती वळत बसली होती. तिचं लक्ष नाही असं आम्ही धरून चाललो होतो. दादा झोपायला गेल्यावर ती म्हणाली, "लाव रे परत. त्या पोरीच्या आईचं काय झालं ते बघायचंय मला." कॅसीची आई डिव्हिजनच्या कैदेत आहे आणि ती स्वतः फार मोठी वॉचर आहे, हे मावशीने बरोबर पकडलं होतं. मग आम्ही दोघांनीच उरलेला पिक्चर पाहिला. तिला इंग्रजी फारसं येत नाही, मी मधे मधे सांगत होतो. तिचे हात थांबत नव्हते, ताटलीत वातींचा ढीग वाढत होता.

आता इथून पुढे चित्रपट थोडा फुटणार आहे. ज्याला अजिबात काही कळून घ्यायचं नसेल त्याने हा परिच्छेद सोडावा. या गोष्टीत वॉचरला जे दिसतं ते ब्रह्मलिखित नाही. माणसाने मनात काय ठरवलंय, त्यावरून पुढचं दिसतं. तुम्ही बेत बदललात की चित्र बदलतं. शत्रूकडेही एक वॉचर आहे, लॉलीपॉप चोखत फिरणारी, आणि ती कॅसीपेक्षा सरस आहे. म्हणजे नायकाने कितीही हुशारीने बेत आखला तरी आखताक्षणी तो तिला दिसणार. मग तो काय करतो? प्रत्येकाने काय करायचं ते वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहितो, पाकिटं बंद करतो, सांगितल्याशिवाय उघडू नका म्हणून एकेकाला वाटतो, आणि मग वायपरकडे जाऊन आपण काय लिहिलं याची स्वतःची आठवण पुसून घेतो. त्या क्षणापासून बेत आहे, पण तो आखणाऱ्याच्या डोक्यात नाही.

मावशीच्या हातातली वात तेवढ्या वेळापुरती थांबली. म्हणाली, "म्हणजे बंद हुकूम. पण ठेवणाऱ्यानेही पान न बघता ठेवलेला."

मेंढीकोट खेळणाऱ्या बाईला एका वाक्यात कळलेली गोष्ट दादाला आजतागायत कळलेली नाही. सकाळी घावन खाताना मी त्याला हेच सांगितलं, तर म्हणे, "असं काहीही दाखवतील, लॉजिक नको का?" अरे, लॉजिकच तर आहे! पहिल्या भागात नियम सांगितलाय, शेवटच्या भागात त्याच नियमाने खेळून डाव फिरवलाय. आकाशातून नवीन शक्ती पडत नाही, नायक अचानक महाबली होत नाही. उलट बिचारा इतका कच्चा मूव्हर आहे की सुरुवातीला जुगारात साधे फासेसुद्धा त्याला धड वळवता येत नाहीत आणि मार खायची पाळी येते.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर: भविष्य दिसलं की थरार संपत नाही, तिथून सुरू होतो. काय होणार हे कळलंय, आता ते टाळायचं कसं आणि टाळायचा विचार केला तरी समोरच्याला कळणार, हा पेच बॉम्बच्या उलट्या मोजणीपेक्षा कितीतरी चांगला आहे. ज्यांना हे कळत नाही त्यांनी मॅचचे रिपीट बघावेत.

एक्स-मेनची कॉपी हाही मुद्दा घेऊन टाकतो. शक्ती असलेली माणसं आणि त्यांना वापरायला टपलेली बडी यंत्रणा एवढ्यावर कॉपी म्हणायचं असेल तर १९८१ सालच्या, दिग्दर्शक क्रोननबर्गच्या 'स्कॅनर्स'मध्येही तेच आहे, मग एक्स-मेनचे चित्रपट त्याची कॉपी का? शिवाय सरकारने असली माणसं पाळण्याची कल्पना हवेतून आलेली नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात सीआयएच्या पैशांवर कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये दूरची ठिकाणं मनाने 'बघणाऱ्या' माणसांवर प्रयोग झाले. पुढे लष्कराने ते चालू ठेवले, शेवटी 'स्टारगेट' नावाने, आणि १९९५मध्ये, हेरगिरीला याचा काही उपयोग नाही असा निष्कर्ष निघाल्यावर, ते गुंडाळले. वीसेक वर्षं सरकारने या गोष्टीवर पैसा घातला. दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे खोटंच निघालं ना?" हो बाबा, खोटंच निघालं. म्हणून तर त्याला फिक्शन म्हणतात.

चित्रपट हाँगकाँगमध्ये घडतो आणि चित्रणही तिथलंच आहे. मला त्यातलं सगळ्यात जास्त तेच आवडतं. चकाचक काचेचे टॉवर कमी, गल्ल्या, दाटीवाटीच्या इमारती, निऑनच्या पाट्या, नूडल्सची दुकानं जास्त. शेवटची मारामारी बांधकाम चालू असलेल्या इमारतीत, बांबूच्या परांचीवर आहे. एका हॉटेलातल्या चकमकीत पिस्तुलं माणसांच्या हातात नसून हवेत तरंगत एकमेकांवर नेम धरतात. हल्लीच्या संगणकी धुरळ्यापेक्षा ते दृश्य मला जास्त खरं वाटतं. याच मॅक्गिगनने पुढच्याच वर्षी बेनेडिक्ट कंबरबॅचच्या 'शेरलॉक'चा पहिला भाग केला. तो सगळ्यांनी डोक्यावर घेतला, 'पुश'कडे मात्र कुणी वळून पाहिलं नाही. सुमारे ३.८ कोटी डॉलर खर्च, आणि जगभरातून पाच कोटीही जमले नाहीत. समीक्षकांनी तर धुऊनच काढला. गोंधळाचा आहे म्हणाले. त्यांचेही फोन वाजले असतील.

बरं, आता थोडं दुसऱ्या बाजूने. तुम्ही माझ्या भरवशावर बघाल आणि मला शिव्या घालाल, ते नको. नायिका किरा (कॅमिला बेल) आणि नायक यांच्यातलं प्रेम मला कधीच पटलं नाही, दोघं बसची वाट बघत उभे असल्यासारखे वाटतात. मधला अर्धा तास डिव्हिजनचं ते औषध असलेली सुटकेस कुठे, कुणाकडे, यात जरा रेंगाळतो. जिमॉन हाउन्सूसारखा नट खलनायक म्हणून मिळालाय, पण त्याला थंड आवाजात धमक्या देण्यापलीकडे काम नाही. आणि सगळ्यात मोठी रुखरुख म्हणजे कॅसीच्या आईची गोष्ट पूर्ण होत नाही. पुढच्या भागासाठी दार उघडं ठेवलं आणि पुढचा भाग आलाच नाही. माईमावशी त्यावर अजून नाराज आहे, "आई कुठाय ते दाखवलंच नाही मेल्यांनी," असं दर गणपतीला एकदा तरी निघतं.

लहान मुलांबरोबर बघणार असाल तर रक्तपात आहे, कानानाकातून रक्त येण्याचे प्रसंग आहेत, आणि तेरा वर्षांची मुलगी भविष्य नीट दिसावं म्हणून दारू पिते असाही एक प्रसंग आहे. आमच्याकडची पोरं तेव्हा मॅचमुळे झोपली होती ते एका अर्थी बरंच झालं. अर्थात हे श्रेय मी दादाला देणार नाही.

बघताना दोनच पथ्यं पाळा. पहिली दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि रिमोट स्वतःजवळ ठेवा, घरातल्या ज्येष्ठांकडे नको. कॅसी ते मरणाचं चित्र काढते तिथे बऱ्याच जणांची दांडी उडते. तिथे दम धरा. पाकिटं वाटली जाईपर्यंत बसा. त्यानंतरही थरार नव्हता असं वाटलं तर इथे खुशाल लिहा, फक्त कितव्या मिनिटाला उठलात तेही लिहा.