मूळ प्रत नाही, मग बायबलवर भरवसा कशाच्या जोरावर?

देवगडच्या एका तरुणाने विचारलं आहे: हॉस्टेलवरचे मित्र म्हणतात, बायबलची मूळ प्रत कुठेच नाही, हाताने नकला करताना हजारो फरक झाले, मग तुम्ही त्याला देवाचं वचन कसं मानता? त्याला उत्तर सुचलं नाही.

अरे, मित्रांची दोन्ही विधानं खरी आहेत, ती नाकारू नकोस. येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान, ज्यांच्या नावावर आहे त्या मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्यापैकी कुणाच्याही हातची प्रत आज नाही. हस्तलिखितांत फरक आहेत आणि ते भरपूर आहेत. पण ते दिसतात कशामुळे? नकला भरपूर उरल्या म्हणून. नव्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागाची, नुसती ग्रीक हस्तलिखितं 5000च्या वर आहेत, काही अख्खी, पुष्कळशी त्रोटक. इजिप्त, सीरिया, रोम अशी लांब लांब पसरलेली. गणपतीत वाडीतली घरं घेताना एखाद्या घरी आरतीतला शब्द भलताच म्हणतात, पण दहा घरं फिरलेल्याला चूक कुठली ते लगेच कळतं. पोथी एकाच घरी कुलपात असती तर कधीच कळलं नसतं. सगळीकडच्या नकला गोळा करून गुपचूप बदलणं कुणाला शक्यच नव्हतं. फरक बहुतेक स्पेलिंगचे किंवा शब्द पुढेमागे झाल्याचे आहेत.

दोन मोठे आहेत, ते स्वतः काढून बघ. योहान 7:53 ते 8:11, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग, आणि मार्क 16:9 ते 20. सर्वांत जुन्या चांगल्या प्रतींत हे भाग नाहीत. बऱ्याच आवृत्त्यांत तिथे कंस किंवा तळटीप असते. म्हणजे आमच्याच माणसांनी, आमच्याच ग्रंथात, हे छापून ठेवलं आहे. माझा भरवसा त्या तळटिपांनी वाढला.

मँचेस्टरच्या ग्रंथालयात पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा, एक तुकडा आहे, जेमतेम नऊ सेंटीमीटर उंच. इजिप्तमधून आलेला, बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला धरतात. दोन्ही बाजूंनी लिहिलेला. योहानाचा अठरावा अध्याय: एका बाजूला रोमन सुभेदार पिलाताच्या वाड्यासमोर उभे यहुदी, मागच्या बाजूला येशू आणि पिलाताचं सत्याविषयीचं बोलणं. आपण शुभ शुक्रवारी ऐकतो तोच प्रसंग. जुन्या कराराचं म्हणशील, तर 1947 पासून मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या मिळाल्या. त्यातली यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी सात मीटरहून लांब आहे आणि तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी. तिच्यातही बारीकसारीक फरक निघाले, पण ग्रंथ तोच.

कुणी म्हणेल, बायबलमध्ये पुस्तकं कुठली घ्यायची ते 325 साली बिशपांच्या निकेया परिषदेत ठरलं. तिथे तो विषयच नव्हता.

आता अवघड भाग. नकला चोख उतरल्या, यावरून लिहिलेलं खरं होतं असं सिद्ध होत नाही. तिथे प्रश्न साक्षीचा येतो. प्रेषित पौलाने करिंथकरांस (करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला) पहिलं पत्र लिहिलं ते साधारण 55 साली, येशूच्या मृत्यूनंतर पंचवीसेक वर्षांनी. पंधराव्या अध्यायात तो सांगतो की उठलेल्या येशूला पाचशेहून जास्त जणांनी एकदम पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जाऊन विचारा, असंच तो म्हणतोय. शिवाय रचलेल्या कथेत कुणी आपल्या पुढाऱ्याला, पेत्राला, कोंबडा आरवायच्या आत येशूची ओळख तीनदा नाकारायला लावेल का? बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती त्या समाजात रिकाम्या कबरीची पहिली बातमी बायकांच्या तोंडी देईल का? येशूला पिलाताने देहदंड दिला, हे ख्रिस्ती लोकांचा तिटकारा करणारा रोमन इतिहासकार टॅसिटसही लिहून गेला आहे.

बायबल विज्ञानाचं पुस्तक आहे असं मात्र सांगत बसू नकोस. आपल्या तारणासाठी देवाने जे सत्य लिहून ठेवायचं ठरवलं ते हे ग्रंथ निर्दोष शिकवतात, असं कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली म्हटलं आहे. आपला दावा तेवढा आहे, आणि तो लहान नाही. त्यापुढे श्रद्धा आहे. मी रोज वाचतो, कारण त्या पानांत जो भेटतो त्याच्यावर माझा विश्वास आहे. हे मित्राला सांगायला लाजू नकोस, पण पुरावा म्हणून त्याच्या अंगावर फेकूही नकोस.

त्याला मार्काचं शुभवर्तमान वाचायला दे. सोळाच अध्याय आहेत, एका दुपारी होतात. शेवटची तळटीपही वाचायला सांग.