व्हिचर लाचखोर नव्हता

‘लाच खाल्ल्यामुळे स्कॉटलंड यार्डातून हाकललेल्या जोनाथन व्हिचरला पुढे खासगी तपासाचं काम कोणी दिलं?’ असं तुम्ही विचारलंय. व्हिचर हा स्कॉटलंड यार्डाचा, म्हणजे लंडन पोलिसांचा, एकोणिसाव्या शतकातला डिटेक्टिव्ह. तुमच्या प्रश्नात दोन माणसांची गल्लत झालीय. आधी ती सोडवतो.

लाच खाणारा तो त्याच खात्यातला जॉन मिकलजॉन. शर्यतींच्या नावाखाली एका श्रीमंत फ्रेंच बाईला लुबाडणाऱ्या टोळीला तो पोलिसांची बित्तंबातमी पुरवायचा. १८७७ मध्ये ओल्ड बेलीत, म्हणजे लंडनच्या फौजदारी कोर्टात, त्याला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. सुटल्यावर त्यानेही प्रायव्हेट इन्क्वायरी एजंट म्हणून काम केलं, त्यामुळे घोटाळा होतो. व्हिचर मात्र १८६४ मध्येच, तब्येतीचं कारण देऊन, पेन्शनवर बाहेर पडला होता.

बदनाम तोही झाला, पण कशासाठी ते बघा. जून १८६० च्या अखेरीस विल्टशरमधल्या रोड हिल हाउसमध्ये सॅव्हिल केंट या चार वर्षंही पूर्ण न झालेल्या मुलाचा गळा चिरलेला मृतदेह नोकरांच्या संडासात सापडला. दोन आठवड्यांनी व्हिचर तिथे पोचला आणि त्याने धोब्याच्या यादीवर बोट ठेवलं. मुलाची सावत्र बहीण, सोळा वर्षांची कॉन्स्टन्स, हिच्याकडे तीन नाइटड्रेस होते, आता दोनच उरले होते. तिसरा धुणावळीने हरवला असं घरचे म्हणत. व्हिचरचा तर्क असा: कपडे मोजून टोपलीत भरल्यावर कॉन्स्टन्सने मोलकरणीला पाणी आणायला पाठवलं आणि तेवढ्यात टोपलीतला साधा मळलेला नाइटड्रेस परत काढून घेतला. म्हणजे रक्ताचा नष्ट केला तरी ठपका धुणावळीवर. मला हा तर्क त्या काळातल्या तपासातला सगळ्यात सुंदर वाटतो, कारण तो घरातल्या रोजच्या कामातून निघालाय.

पण तो नाइटड्रेस सापडला नाही. शिवाय खुनाच्याच दिवशी स्थानिक पोलिसांना चुलीच्या भट्टीत रक्ताळलेला कपडा मिळाला होता, तो त्यांनी व्हिचरपासून लपवला. ते उघड व्हायला काही महिने गेले. व्हिचरने अटक केलेली कॉन्स्टन्स सुटली आणि वर्तमानपत्रं व्हिचरवर तुटून पडली. व्हिचरसारख्या माळ्याच्या पोराने सभ्य घराण्यातल्या मुलीचे आतले कपडे चारचौघांत मोजावेत, हे लोकांना खुनाहून जास्त झोंबलं. मला तरी त्या संतापाचं खरं मूळ हेच दिसतं.

एप्रिल १८६५ मध्ये कॉन्स्टन्सने स्वतःहून कबुली दिली. तोवर व्हिचरने नोकरी सोडून वर्ष उलटलं होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. खासगी तपासाला तेव्हा परवाना लागत नसे. मोठ्या खटल्यांतल्या वकिलांना माणसं हुडकणारा, साक्षीदार गाठणारा हवा असे. १८५४ मध्ये समुद्रात बुडालेला वारस रॉजर टिचबोर्न तो मीच, असं म्हणत एक जण ऑस्ट्रेलियातून आला, तेव्हा घराण्याच्या बाजूने व्हिचरला नेमलं गेलं. त्याने वॉपिंगच्या गोदीलगतच्या वस्तीत चौकशी केली. लंडनला उतरल्या दिवशीच, १८६६ च्या नाताळात, हा ‘वारस’ तिथे जाऊन ऑर्टन नावाच्या खाटकाच्या कुटुंबाची विचारपूस करून गेला होता. जहागीरदाराच्या मुलाला वॉपिंगच्या खाटकाशी काय देणंघेणं? पुढे १८७४ मध्ये त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली, आर्थर ऑर्टन म्हणून.