‘इग्रीजस’ : कळपाबाहेरचं मेंढरू

सांगलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने शब्दयादीतून ‘इग्रीजियस : चटकन उठून दिसणारा’ असं पाठ केलं. मैत्रिणीच्या सत्कारात ती ‘इग्रीजियस सक्सेस’ म्हणाली आणि सरांनी तिथंच टोकलं. माझं काय चुकलं, असं ती विचारते.

चुकलं खरंच. आजच्या इंग्रजीत हा शब्द उघड, अक्षम्य वाईटासाठीच येतो. इग्रीजस एरर म्हणजे घोडचूक. पण मला राग येतो तो यादी करणाऱ्यांचा. व्याख्येतला नेमका ‘वाईट’ गाळायचा आणि वर रोज २० शब्द पाठ करा म्हणून सांगायचं! सत्कारसमारंभांत असला ‘इग्रीजस’ मी किती वेळा ऐकावा?

लॅटिनमध्ये ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप, ‘ए’ म्हणजे बाहेर. पावसाळा सरला की आटपाडी-जतकडची मेंढरं कृष्णाकाठी उतरतात, पलूसकडच्या रानांत खतासाठी बसवतात. सगळ्या पाठी एकसारख्या, तरी धनगर नेमका एक मेंढा शिंगाला धरून बाहेर ओढतो. विकायला की जत्रेत मिरवायला, ते बांधावरून कळत नाही. या शब्दाचंही तसंच. मुळात अर्थ ‘नामवंत’. १६ व्या शतकात इंग्रजीत तो वाईटाकडे झुकला. इटालियन माणूस मात्र अजून पत्राच्या मायन्यात ‘एग्रेजो’ लिहितो, आपल्या ‘माननीय’सारखं.

आमच्याकडचे एक संस्कृतचे जाणकार याला ‘अग्र’शी जोडतात. साफ चूक! नातं आहे ‘ग्राम’शी. भाषाशास्त्रज्ञ ‘ग्रेक्स’ आणि ‘ग्राम’ दोन्ही ‘गोळा होणे’ या अर्थाच्या एकाच मुळाशी नेतात. गीतेतला ‘इंद्रियग्राम’ (१२.४) म्हणजे इंद्रियांचा समूह, त्यात गाव कुठून येणार? ‘संग्राम’ही जथे एकत्र आल्याचाच. कोशकार ‘ग्राम’खाली ‘गाव’ पहिलं छापतात, ते उलटं आहे असं माझं ठाम मत. ग्राम आधी चालता होता, मग जिथं बसला त्या जागेला त्याचं नाव पडलं. धनगरांच्या फिरत्या बिऱ्हाडाला आपण आजही ‘वाडा’च म्हणतो ना!

ॲग्रिगेट, सेग्रिगेट, काँग्रिगेशन ही त्याच कळपातली : कळपात घालणं, कळपातून वेगळं काढणं, कळप जमणं. यादीत हे शब्द चार वेगवेगळ्या पानांवर असतात.

आणि उच्चार ‘इग्रीजियस’ नव्हे, ‘इग्रीजस’. सरांनी टोकायचंच होतं तर तेही सांगायला हवं होतं.