वाचक विचारतात : नेर्हाला जायचं, पण गुडघ्यांचं काय?

प्रश्न : ताई नमस्कार, लेक माद्रिदला शिकतेय, मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे चाललोय. ती म्हणते दक्षिण किनाऱ्यावरच्या नेर्हाला समुद्रावर जाऊ आणि जवळच्या फ्रिहिलियाना गावातही. पण ह्यांचे गुडघे दुखतात, आम्ही शाकाहारी, आणि समुद्र बघायला स्पेनला कशाला असं ह्यांचं टुमणं चालू आहे. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नक्की जा! मे म्हणजे ऊन सोसवतं आणि जुलै-ऑगस्टची झुंबड अजून यायची असते. माद्रिदहून मालागापर्यंत फास्ट ट्रेन, पुढे नेर्हाला रेल्वेच नाही, पण मालागाचं बसस्टँड स्टेशनला लागूनच आहे आणि तिथून बसने तासाभराच्या थोडं वर लागतं. वाळूबद्दल आधीच सांगते, बुरियाना बीचवरची करडी नि जाडसर आहे, तेव्हा ह्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण 'बाल्कोन दे एउरोपा' या समुद्रावरच्या सज्जाच्या कठड्याशी उभं राहिलं की खाली समुद्र, मागे डोंगर, तिथे ते गप्प बसतील. १८८४ च्या भूकंपानंतर राजा बारावा अल्फोन्सो इथे आला होता, त्याचा पुतळा आहे, लोक त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. १९५९ मध्ये पोरांना सापडलेल्या गुहाही प्रसिद्ध आहेत, पण आत पायऱ्याच पायऱ्या, गुडघेवाल्यांनी बाहेर कॉफी प्यावी.

फ्रिहिलियाना सहा-सात किलोमीटरवर, बस जाते, परतीच्या शेवटच्या बसची वेळ मात्र आधी बघून ठेवा, रविवार असेल तर जास्तच. दुपारी जाऊ नका, पांढऱ्या भिंतींवरून ऊन डोळ्यात घुसतं, चारनंतर बरं. वरचा जुना मोरिस्को (म्हणजे बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांचा) भाग म्हणजे गोट्यांच्या फरशीचे जिने, ते लेकीने चढावेत. १५६९ मध्ये इथल्या मोरिस्कोंनी केलेलं बंड आणि त्यांचा पराभव, ही सगळी कथा भिंतींवर टाइल्सवर लिहून लावलीय, ती तिला वाचून सांगायला लावा. तुम्ही दोघं खालच्या मुख्य रस्त्याने सावकाश फिरा. बसथांब्याजवळच 'इन्हेनियो' नावाचा जुना वाडा दिसेल, तिथे अजून उसाची काकवी बनते, हो, आपलीच काकवी!

जेवणाचीही सोय काकवीतच आहे. वांग्याचे काप तळून वर काकवीची धार, 'बेरेनहेनास कोन मिएल दे कान्या' म्हणायचं, अंडं चालत नसेल तर पिठात आहे का ते विचारा. बदाम-लसणाचं गार सूप 'आहोब्लांको' पण मस्त, वर द्राक्षं असतात. सालमोरेहो या टोमॅटोच्या गार सूपवर मात्र हॅम भुरभुरतात, आणि नुसतं "मांस नको" म्हटलंत तर हॅम आणि टूना त्यात धरतीलच असं नाही, तेव्हा "सिन हामोन, सिन आतून" असं नावं घेऊन सांगायचं. पाएया या भातात बहुधा माशांचा स्टॉक असतो, नादी लागू नका. आणि बरीच किचन्स दुपारी चारच्या सुमारास बंद होतात ती रात्री आठलाच उघडतात, त्यामुळे पर्समध्ये चिवडा असू द्या. काकवीची बाटली घेतलीत तर विमानात चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये नेऊ देणार नाहीत.