१७ वर्षांच्या मुलाच्या एमआरआयमध्ये डिस्क बल्ज आलाय. सिलेक्शनच्या आधी मणक्यात इंजेक्शन द्यावं का?

मी तर देणार नाही. सिलेक्शनसाठी तर मुळीच नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलगा उजव्या हाताने फास्ट बोलिंग करतो, कमरेत डाव्या बाजूला दुखतं, बोलिंग केली की वाढतं. पाय दुखत नाही, मुंग्या नाहीत. रिपोर्टमध्ये एल४-एल५ आणि एल५-एस१ला बल्ज, म्हणजे कमरेतल्या सगळ्यात खालच्या दोन डिस्क (मणक्यांमधल्या गाद्या) बाहेर फुगलेल्या. एका डॉक्टरांनी नर्व्ह रूट ब्लॉक, म्हणजे मणक्यातून निघणाऱ्या नसेच्या मुळाशी बहुतेक स्टेरॉइडचं इंजेक्शन, सुचवलाय, कोच म्हणतात घेऊन टाका, पुढच्या महिन्यात सिलेक्शन आहे. आणि ठाणे-नवी मुंबईत कोणाकडे जावं हेही विचारलंय. हे वाचल्यावर मला राहवलं नाही. दुखणारी बाजू, रिपोर्टमधली ओळ, कोचचा सल्ला, सगळं माझ्या लेकीचंच आहे.

ती तेव्हा १६ची होती. आम्ही कळव्याचे, तिची प्रॅक्टिस ठाण्याच्या सेंट्रल मैदानावर. खुर्चीत बसताना, वाकून बुटाची नाडी बांधताना तिला काही व्हायचं नाही. रनअप घेऊन पुढचा पाय आपटला की मात्र डावीकडे कळ यायची, आणि कुठे दुखतं विचारलं की दरवेळी एकच बोट, एकाच जागी. स्कॅन केला, रिपोर्ट आला आणि घरात ‘गादी सरकली’ म्हणून रडारड सुरू झाली. माझे धाकटे दीर रिपोर्ट हातात घेऊन म्हणाले, “वहिनी, बस झालं आता. पोरीच्या जातीला हे झेपत नाही. उद्या लग्न आहे, बाळंतपणं आहेत, कंबर कामातून गेली तर?” तिचे कोच सर म्हणाले, “ताई, काही होत नाही. एक इंजेक्शन मारलं की सिलेक्शन निघून जाईल.” एकाला तिचा खेळ बंद करायचा होता, दुसऱ्याला तिचं दुखणं दाबायचं होतं, आणि दोघांचा आधार ती एकच ओळ. पोर बोट कुठे ठेवते ते दोघांपैकी एकानेही बघितलं नाही.

त्या ओळीची किंमत किती, ते सांगते. काहीही न दुखणाऱ्या माणसांचे स्कॅन काढून केलेले अभ्यास आहेत. १९९४मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलेल्या अभ्यासात अशी ९८ माणसं होती. त्यातल्या ५२ टक्क्यांना एका तरी जागी बल्ज होता. मग २०१५मध्ये अशा ३३ अभ्यासांतली ३,११० माणसं एकत्र धरून आढावा निघाला. कंबर न दुखणाऱ्या वीस वर्षांच्या लोकांत ३० टक्क्यांना बल्ज, ऐंशी वर्षांच्या लोकांत ८४ टक्क्यांना. तेव्हा बल्ज दिसला म्हणून दुखणं तिथूनच येतंय असं होत नाही. त्यात रिपोर्ट लिहिणाऱ्यांचंही एकमत नसतं. अमेरिकेत ६३ वर्षांच्या एका बाईंनी तीन आठवड्यांत १० सेंटरवर कमरेचा एमआरआय करून घेतला, तो अभ्यास २०१७मध्ये आला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष लिहिलेले, आणि दहाही ठिकाणी सापडलेला असा एकही नाही. त्यामुळे “रिपोर्टमध्ये लिहिलंय ना” असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

वाढत्या वयाच्या खेळाडूंचं गणितही मोठ्या माणसांपेक्षा वेगळं आहे. बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९९५मध्ये कंबरदुखी घेऊन आलेली १०० किशोरवयीन मुलं आणि १०० मोठी माणसं यांची तुलना छापली. मोठ्यांत ४८ टक्क्यांचं दुखणं डिस्कचं आणि मणक्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर (पुन्हा पुन्हा भार पडून हाडाला जाणारी चीर) फक्त ५ टक्क्यांना. मुलांत डिस्क ११ टक्के आणि स्ट्रेस फ्रॅक्चर तब्बल ४७ टक्के. ही मुलं स्पोर्ट्स क्लिनिकला आलेली होती, सगळ्या मुलांना हा आकडा लावू नका. पण तुमचा मुलगा त्याच गटातला आहे.

आम्हाला ब्लॉकसाठी वाशीला एका इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टकडे, म्हणजे स्कॅनवर बघत सुईने उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे, पाठवलं होतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये मी फिल्मची मोठी पिशवी मांडीवर धरून बसले होते. त्यांनी ती उघडलीही नाही. म्हणाले, “रिपोर्ट राहू दे, सीडी द्या.” आधी तिला एका पायावर उभं करून मागे झुकायला लावलं. डाव्या पायावर झुकताच तिने टेबलाची कड घट्ट धरली. या एका टेस्टवरून निदान होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मग स्क्रीनवर दाखवलं की आडवे काप फक्त डिस्कच्या पातळीवर घेतलेत, मधलं हाड त्यांत नीट आलेलंच नाही. त्यांनी पुन्हा स्कॅन करायला लावला, यावेळी स्टर (STIR) नावाचा सिक्वेन्स घेऊन. त्यात चरबीचा उजेड दाबला जातो आणि हाडातली सूज पांढरी उठून दिसते.

नवा स्कॅन त्यांनी आम्हाला शेजारी बसवून बघितला. मधल्या कापांत काही नाही. माऊसचं चाक फिरवत ते डाव्या कडेला गेले आणि एल५च्या, म्हणजे कमरेच्या शेवटच्या मणक्याच्या, मागच्या बाजूला, करड्या हाडात, तांदळाएवढा पांढरा डाग उजळला. पुढच्या कापात तो गेला. मणक्याच्या मागच्या कमानीतल्या त्या अरुंद भागाला पार्स म्हणतात. उजव्या हाताचा फास्ट बोलर पुढचा पाय टेकवताना मागे वाकलेला, एका बाजूला झुकलेला आणि वळत असतो, तो सगळा भार बहुतेक डाव्या पार्सवर येतो. तरुण बोलरांवरच्या अभ्यासांत दिसलंय की चीर पडण्याआधीच एमआरआयवर तिथे सूज दिसू शकते. तिला चीर नव्हती, सूजच होती. डॉक्टर म्हणाले, “याला मी सुई लावणार नाही. नस दबलेलीच नाही, ब्लॉक कशाचा देऊ?” इंजेक्शन देणं हा ज्यांचा रोजचा धंदा आहे त्यांनी ते नाकारलं, याबद्दल मला त्या माणसाचा फार आदर आहे.

त्या वेळी सरांचं ऐकलं असतं तर दुखणं काही दिवस दबलं असतं, पोरीने जीव तोडून बोलिंग केली असती आणि सुजलेल्या हाडाला चीर पडायला वेळ लागला नसता. लवकर, एका बाजूलाच सापडलेलं दुखणं भरून यायची शक्यता चांगली असते. दोन्ही बाजूंना आरपार चीर गेली की अवघड होतं. तिची बोलिंग पावसाळाभर बंद होती. फिजिओकडे पोटाच्या, पाठीच्या, खुब्याच्या स्नायूंचे व्यायाम, मग अर्ध्या रनअपने, मोजून चेंडू. अ‍ॅक्शनही सुधारावी लागली. तिची मिक्स्ड होती, खांदे एकीकडे आणि कंबर दुसरीकडे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९८०च्या दशकापासून या अ‍ॅक्शनचा कमरेच्या दुखापतींशी संबंध दाखवलाय. मैदानावर मात्र अजून “पेस आहे ना, हात लावू नका” एवढंच चालतं. त्या वर्षीचं सिलेक्शन गेलं. ती आजही बोलिंग करते, पूर्ण रनअपने.

भाऊजी तेव्हा म्हणायचे, बुमराहसारख्याला ऑपरेशन करावं लागलं, हिचं काय होणार. बुमराहच्या कमरेचं ऑपरेशन मार्च २०२३मध्ये न्यूझीलंडला झालं, ऑगस्टमध्ये तो आयर्लंडमध्ये कर्णधार म्हणून खेळत होता, आणि २०२४च्या टी-२० विश्वचषकात मालिकावीर ठरला. ऑस्ट्रेलियाचा फास्ट बोलर डेनिस लिली, त्याचा मणका १९७३च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात गेला होता, १९७४-७५च्या अ‍ॅशेसमध्ये त्याने इंग्लंडला हैराण केलं. बाळंतपणाचंही मी वाशीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारलं होतं, त्यांनी दोन्हींचा काही संबंध नाही म्हणून सांगितलं. तुम्हाला मुलगा आहे म्हणून निदान हे ऐकावं लागत नाहीये. आमच्या घरात हाच रिपोर्ट पुतण्याचा असता तर ‘खेळ सोड’ हे शब्द कुणाच्या तोंडून निघाले नसते. मी हे भाऊजींच्या तोंडावर म्हटलंय, इथेही म्हणते.

इंजेक्शन वाईट असतं असं मात्र मनात धरू नका. आमच्या ह्यांना डिस्कमुळे कमरेपासून पोटरीपर्यंत कळा यायच्या, रात्री झोप नव्हती. सी-आर्म या एक्स-रे मशीनखाली बघून, डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडून खात्री करून त्याच नसेपाशी औषध दिलं, त्याच दिवशी घरी आले आणि चालू-फिरू लागले. ब्लॉक आहे तो पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यासाठी. तुमच्या मुलाच्या पायात काहीच नाही. आणि कोचना हेही सांगा की १ जानेवारी २०२२पासून वाडाच्या (WADA, जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) नियमांत स्टेरॉइडच्या कोणत्याही इंजेक्शनला, मणक्यातल्यासुद्धा, स्पर्धेच्या काळात बंदी आहे. बीसीसीआय २०१९पासून नाडाच्या, म्हणजे भारतातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या, कक्षेत आहे. औषध अंगात किती दिवस राहतं ते औषधागणिक बदलतं, वैद्यकीय सवलतीसाठी वेगळा अर्ज लागतो.

मी डॉक्टर नाही आणि तुमच्या मुलाला बघितलेलं नाही. त्याचं दुखणं खरंच डिस्कचंही निघू शकतं. लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेनासं झालं, ताप येऊन कंबर धरली, तर हे सगळं वाचत न बसता त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात न्या.

डॉक्टरांचं नाव इथे टाकणार नाही. स्पोर्ट्स इंजुरी बघणारे ऑर्थोपेडिक डॉक्टर आधी गाठा, सीडी सोबत न्या, आणि विचारा: स्टर घेतलाय का, पार्स नीट दिसतोय का. गरज पडली तर तेवढ्याच भागाचा सीटी सांगतील, चीर त्यात जास्त स्पष्ट दिसते. पण त्यात रेडिएशन असतं, म्हणून आपण होऊन करू नका. हे होईपर्यंत बोलिंग पूर्ण बंद, नेटमध्येसुद्धा नाही. कोचना तसं आजच कळवा.