वाचकांचे प्रश्न : झिणझिण्या, क्युसेक आणि मागे पळणारी तारीख

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर दिवा मिणमिणतो. दुकानदार म्हणतो एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) बदला, वायरमन म्हणतो पायात चप्पल घाला. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. एसएमपीएस बहुतेक ठणठणीत असणार. त्यात वीज शिरते त्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यातला एक छोटा कपॅसिटर फेजपासून पत्र्याला आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंग शाबूत असेल तर तिथून झिरपणारा किरकोळ करंट जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर पत्रा फेज आणि न्यूट्रल यांच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, साधारण ११५ व्होल्टवर. करंट मिलिअँपिअरच्या आतलाच, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. नवा एसएमपीएस आणलात तरी त्यातही हेच दोन कपॅसिटर असतील. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

खरी काळजी कॉम्प्युटरची नाहीच. त्याच घरात गीझर आणि वॉशिंग मशीनही आहे. गीझरच्या एलिमेंटला चीर पडली तर तिथे झिणझिण्यांवर भागत नाही, अर्ध्या नव्हे तर पूर्ण व्होल्टेजशी गाठ असते.

आधी साध्या गोष्टी बघा. कॉम्प्युटरची पिन तीन खिळ्यांचीच आहे ना? एक्स्टेन्शन बोर्डाची पिन दोन खिळ्यांची असेल तर शोध तिथेच संपला. ती ठीक असेल तर वायरमनला होल्डरमध्ये ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब घेऊन बोलवा. फेज-न्यूट्रलमध्ये बल्ब जसा लागतो तसाच लख्ख तो फेज आणि अर्थच्या मोठ्या भोकात लागला पाहिजे. मंद लागला किंवा लागलाच नाही, तर अर्थिंग नावापुरतं आहे. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज अर्थकडे गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर या चाचणीत तो खटकन पडेल. तो पडणं चांगलंच, वीज अर्थकडे जातेय एवढं त्यातून कळतं. मल्टिमीटर असेल तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसायला नको.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपाला सोडून देते. त्यामुळे ही तक्रार एप्रिल-मेमध्ये वाढते आणि पहिल्या पावसात आपोआप ‘बरी’ होते. उन्हाळ्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी खड्ड्यात ओतत जा. खड्ड्यातलं मीठ पाइपालाही खातं, तेव्हा दहा-बारा वर्षांचं अर्थिंग असेल तर वरचा नटबोल्ट आणि तार उघडून बघाच, बहुधा तिथेच गंजून तुटलेलं सापडतं. एक मात्र कुणालाही करू देऊ नका : सॉकेटमध्ये न्यूट्रलची तार अर्थला जोडून देणे. झिणझिण्या लगेच थांबतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण पुढे कधी न्यूट्रल तुटला तर घरातल्या प्रत्येक पत्र्यावर फेज येतो. खर्च करायचाच असेल तर तो ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर करा.

प्रश्न (वाई) : कॉम्प्युटर सुरू केला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि बँकेची साइट ‘कनेक्शन खाजगी नाही’ म्हणून उघडत नाही. व्हायरस असेल का? शिवाय विंडोज १० बंद पडली म्हणतात, मग मशीन भंगारात काढायचं का?

उत्तर : व्हायरस नाही, मदरबोर्डवरचा सेल संपलाय. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तुमचं घड्याळ मागे गेलं की ब्राउझरच्या हिशेबी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं. सेल सीआर २०३२, तीन व्होल्टचा, रुपयाच्या नाण्याएवढा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. सेलच्या कडेची पत्र्याची जीभ नखाने बाजूला केली की तो उचलला जातो. नवा बसवताना अधिकची बाजू वर ठेवा. मग डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, तारीख-वेळ घाला. नव्या सेलनंतर विंडोज सुरूच झाली नाही तर घाबरू नका, तिथेच साटा मोड (हार्ड डिस्कशी बोलायची पद्धत) आयडीई झालाय का एएचसीआय ते बघा, पूर्वी होता तो परत ठेवा. आणि घड्याळ नेमकं साडेपाच तासच चुकत असेल तर सेलला हात लावू नका; तो टाइम झोनचा घोळ आहे.

विंडोज १० बंद पडलेली नाही, १४ ऑक्टोबर २०२५ पासून तिचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. नाव नोंदवलं तर घरगुती ग्राहकांना ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. त्याहून जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका; पत्रं, यूट्यूब, मुलांचा अभ्यास सगळं निभतं. भंगारात काढण्याची घाई नको.

प्रश्न (दत्तनगर, सांगली) : पावसाळ्यात बातम्यांत ‘कोयनेत इतके टीएमसी, विसर्ग इतके क्युसेक’ असं येतं. यातून आमच्या दारात पाणी येणार का, हे कसं ओळखायचं?

उत्तर : एकच आकडा पाठ करा : ११,५७४. एवढे क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी होतं. क्युसेक हा वेग आहे, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. टीएमसी हा साठा आहे, एक अब्ज घनफूट.

आता हिशेब घाला. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. समजा साठा ८५ वर आहे आणि आवक एक लाख क्युसेक आहे. म्हणजे दिवसाला ८.६ टीएमसीची भर, सव्वादोन-अडीच दिवसांत धरण काठोकाठ. पन्नास हजार क्युसेक सोडले तर हीच मुदत पावणेपाच दिवसांवर जाते. म्हणून बातमीत विसर्गाच्या आधी आवक बघायची, आणि साठा कोणत्या महिन्यातला आहे तेही. जुलैतल्या ८५ टीएमसीची धास्ती घ्यावी, सप्टेंबरअखेरच्या ८५ ची नाही. ‘पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक’ एवढंच लिहिलेलं असेल तर निवांत झोपा. सांगलीच्या पात्राला ते काहीच नाही.

पण नुसत्या कोयनेकडे बघून सांगलीचा अंदाज चुकतो. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते. कृष्णेत त्याआधीच धोम, कण्हेर, उरमोडीचं पाणी आलेलं असतं. धरणांच्या खाली पडणारा पाऊस तर कुठल्याच दरवाजातून मोजला जात नाही. त्यात वारणा हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या खालच्या अंगाला मिळते, आणि पंचगंगा आणखी पुढे नरसोबावाडीला. या दोघी फुगल्या की सांगलीचं पाणी पुढे सरकत नाही. कोयनेचा विसर्ग कमी करूनही पातळी उतरत का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथे असतं. तेव्हा कोयनेसोबत वारणेवरच्या चांदोली धरणाचाही विसर्ग बघत जा.

तुमच्यासाठी शेवटचा शब्द सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा, तिथे पाण्याची पातळी मोजतात. इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. २०१९ ला पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. मात्र दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉटसारख्या सखल भागांनी ४० ची वाट बघूच नये. पुलावर किती फूट असताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी आलं होतं, ते जुन्या शेजाऱ्यांना विचारून मीटरच्या पेटीवर खडूने लिहून ठेवा. पाणी त्याच्या पाच फूट खाली असतानाच इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रिज आणि कागदपत्रं वर हलवायची. मेन स्विच पाणी बोर्डापर्यंत पोचायच्या आधी पाडायचा. पूर ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय तो चढवायचा नाही.

प्रश्न (सातारा) : व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गाडीचं चलान’ म्हणून एपीके फाइल (फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल) आली. वडिलांनी उघडली. आता?

उत्तर : नुसती डाउनलोड झाली असेल तर पुसून टाका, विषय संपला. ‘इन्स्टॉल’ दाबलं असेल तर लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद करा. ते अ‍ॅप ओटीपीचे मेसेज पुढे पाठवण्यासाठीच असतं. दुसऱ्या फोनवरून बँकेला खातं गोठवायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पहिले काही तास मोलाचे असतात. मग सेटिंग्जमधून ते अ‍ॅप काढा. ‘अनइन्स्टॉल’ दबत नसेल तर त्याने डिव्हाइस अ‍ॅडमिनची परवानगी घेतलीय, ती आधी काढून घ्या. सिम चालू केल्यावर ##००२# डायल केलं की गुपचूप लावलेलं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. तरी शंका राहिली तर फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फोन फॅक्टरी रिसेट करा. खरं चलान सरकारच्या परिवहन साइटवर गाडीचा नंबर घालून दिसतं, ते कधीच एपीके म्हणून येत नाही.

प्रश्न (कराड) : सीलिंग फॅन पाचवर ठेवला तरी रेंगाळतो.

उत्तर : संध्याकाळी सगळेच पंखे रेंगाळत असतील तर व्होल्टेज कमी आहे. एकच असेल तर कपॅसिटर. मेन बंद करून पाती हाताने फिरवा. मोकळी फिरली तर दांडीवरची वाटी खाली सरकवा, आत काळी डबी दिसेल. तिच्यावर लिहिलेला आकडा, बहुतेक २.५ एमएफडी (मायक्रोफॅरड), तोच नव्यावर हवा. वेग वाढावा म्हणून काही जण मोठा बसवून देतात, त्याने वाइंडिंग तापून जळतं. पाती घरघरत, अडत फिरली तर मात्र बेअरिंग गेलंय, पंखा उतरवावाच लागेल.