खुब्यातला पू : आधी पाणी काढा, मग औषध

खुब्याच्या सांध्यातल्या जंतुसंसर्गाविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच गोंधळ आहे : औषध आधी सुरू होतं आणि तपासणी मागाहून आठवते. त्यामुळे उत्तरांत थोडी पुनरुक्ती होईल. ती मुद्दाम आहे.

प्रश्न : वडील 61 वर्षांचे, मधुमेही. चार दिवसांपासून उजव्या जांघेत दुखतंय, पाय टेकवत नाही, अंगात बारीक ताप आहे. एक्स-रे नॉर्मल आला, म्हणून आठवडाभर आराम करायला सांगितलंय. थांबावं का? (जळगाव)

थांबू नका. आजच दाखवा.

पहिल्या एक-दोन आठवड्यांतला नॉर्मल एक्स-रे जंतुसंसर्ग नसल्याचा पुरावा नाही. खुबा स्नायूंच्या खाली खोल असतो, त्यामुळे गुडघ्यासारखी सूज किंवा लाली वरून दिसत नाही. काहींना तर दुखणं गुडघ्यातच जाणवतं आणि गुडघ्याचेच फोटो निघत राहतात. मधुमेही, डायलिसिसवरचे आणि स्टेरॉइड घेणारे यांना ताप बारीक येतो, कधी येतच नाही. वडील उताणे झोपलेले असताना त्यांची मांडी धरून पाय हलकेच आत-बाहेर लोळवला आणि तेवढ्यानेही जांघेत कळ आली, तर दुखणं सांध्यातलं असण्याची शक्यता मोठी.

आज व्हायला हवं ते असं : रक्ताची संपूर्ण तपासणी, सीआरपी आणि ईएसआर (अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) आणि खुब्याची सोनोग्राफी. सांध्यात पाणी दिसलं तर ते लगेच सुईने काढायचं. एमआरआय उपयोगी आहे, पण त्याची तारीख दोन दिवसांनंतरची असेल तर सुई त्यासाठी थांबवू नये. पुवामुळे सांध्यातली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) काही दिवसांत झिजून जाते आणि ती परत येत नाही.

प्रश्न : आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुरू केलं, आईला बराच आराम पडला. आता हाडांचे डॉक्टर खुब्यातलं पाणी काढायचं म्हणतात. गुण आला असताना ही सुई कशासाठी? (सांगली)

याच प्रश्नासाठी हे सदर लिहायला घेतलं.

सांध्यात पू का झाला, याला अनेक उत्तरं आहेत. प्रौढांत सर्वाधिक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडतो, पण स्ट्रेप्टोकॉकस असू शकतो, लघवीच्या मार्गातून आलेले जंतू असू शकतात, आणि आपल्याकडे क्षयाचा विचार केल्याशिवाय खुब्याची तपासणी पूर्ण होत नाही. प्रत्येकाचं औषध निराळं आणि मुदतही निराळी. पाणी काढण्याआधी गोळ्या पोटात गेल्या की कल्चर बऱ्याचदा कोरं येतं. मग डॉक्टरांना अंदाजाने, एकाच वेळी अनेक जंतूंवर चालणारी औषधं आठवडेच्या आठवडे द्यावी लागतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच.

लिव्होफ्लॉक्सासिनचा धोका याहून मोठा. ते क्षयाच्या जंतूवरही काम करतं. म्हणजे क्षय असेल तर तो दबतो, बरा होत नाही. दोन-तीन आठवडे आराम पडतो, निदान लांबतं, आणि जंतू त्या औषधाला सरावू शकतो. लिनेझोलिड आणि अमिकासिनचंही तसंच. ‘गुण आला’ हा शब्द म्हणूनच खुब्याच्या बाबतीत फसवा आहे.

पाणी सोनोग्राफी किंवा सी-आर्मखाली (चालू एक्स-रे दाखवणारं यंत्र), जागा बधिर करून, लांब सुईने काढतात. ते कुठे पाठवलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पेशींची मोजणी, ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), कल्चर, स्फटिकांची तपासणी आणि क्षयासाठी सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी), एवढं तरी हवंच. पुढे शस्त्रक्रियेत मांसाचे तुकडे काढले, तर कल्चरचे तुकडे निर्जंतुक डबीत जायला हवेत, सीबीनॅटसाठी हवं तर सलाइनमध्ये. फॉर्मेलिनमध्ये जातो तो फक्त बायॉप्सीचा तुकडा. सगळंच फॉर्मेलिनमध्ये बुडवलं की जंतू मरतात आणि कल्चर कोरं येतं. ही चूक आजही घडते.

अपवाद एकच. रुग्णाचा रक्तदाब उतरत असेल, भान हरपत असेल, तर रक्ताचं कल्चर घेऊन औषध ताबडतोब सुरू करायचं. तिथे सुईसाठी खोळंबणं चूक.

तुमच्या आईंच्या गोळ्या थांबवायच्या की नाही, हे हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना तपासून ठरवावं. स्वतःहून बंद करू नका. मात्र कोणतं औषध, किती दिवस घेतलं, याची चिठ्ठी सोबत न्या.

प्रश्न : पू न काढता नुसत्या औषधाने भागणार नाही का?

जंतूंचा पू असेल तर नाही. सांधा शस्त्रक्रियेने उघडून किंवा दुर्बिणीतून धुवावा लागतो, कधी दोनदा.

प्रश्न : सांधा धुतल्यावर सहा आठवडे शिरेतून औषध आणि तेवढे दिवस दवाखान्यातच राहायचं, असं सांगितलंय. खर्च झेपत नाही. (लातूर)

सरसकट सगळ्यांना याची गरज नसते. ब्रिटनमधला ‘ओव्हिवा’ हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. हाडासांध्यांच्या जंतुसंसर्गात पहिल्या आठवड्याभरात योग्य गोळ्यांवर आणलेल्या रुग्णांचा निकाल शिरेतून औषध चालू ठेवलेल्यांपेक्षा उणा ठरला नाही. पण यातला ‘योग्य’ हा शब्द कल्चरवर उभा आहे. जंतू माहीत असेल, त्यावर चालणारी गोळी असेल आणि सीआरपी उतरत असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा : गोळ्यांवर कधी येता येईल? एकूण मुदत साधारण चार ते सहा आठवडे असते. ती आपल्या मनाने कमी करू नका.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी खुबा बदलला. टाक्याजवळ छोटं भोक पडून पाणी येतं. रोज ड्रेसिंग चालू आहे, शेजारी हळदीचा लेप सांगतात. (नाशिक)

लेप नको, आणि नुसतं ड्रेसिंगही नको. बदललेल्या सांध्यापर्यंत पोचणारं असं भोक म्हणजे सांध्यात जंतुसंसर्ग आहे, हे जवळजवळ सिद्धच. भोकाच्या तोंडावरचा कापूस फिरवून केलेलं कल्चर मात्र फसवतं, कारण त्यात कातडीवरचे जंतू येतात. नमुना सांध्यातूनच हवा.

जंतू धातूवर चिकट थर करून बसतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. शस्त्रक्रियेनंतर महिन्याच्या आत किंवा त्रास सुरू होऊन तीन आठवड्यांच्या आत सापडलं, तर सांधा आत ठेवून, धुऊन, फक्त गोळा आणि वाटीतलं अस्तर बदलून कधी कधी भागतं. तुमची ती वेळ बहुधा टळली आहे. आता सांधा काढावा लागेल. जिथे सांधा बदलला त्या सर्जनकडे या आठवड्यात जा. आणि प्रयोगशाळेच्या कागदावर सांध्यातल्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी (दर मायक्रोलिटरला) 4,000 असतील, तर ‘कमीच आहेत’ म्हणून सुटका मानू नका. नैसर्गिक सांध्यात 50,000 च्या वर शंका बळावते, बसवलेल्या सांध्यात 3,000 च्या वर.

प्रश्न : बदललेल्या खुब्यातल्या जंतुसंसर्गासाठी दोन शस्त्रक्रिया सांगितल्यात. हे बिल वाढवणं तर नाही ना?

पद्धत प्रस्थापित आहे. आधी सांधा काढून अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा ठेवतात आणि संसर्ग आटोक्यात आल्यावर नवा बसवतात. जर्मनीत हॅम्बुर्गला 1970 च्या दशकापासून निवडक रुग्णांत हे एकाच शस्त्रक्रियेत करतात, पण त्यासाठी जंतू आधी ओळखलेला आणि आजूबाजूचं मांस चांगलं हवं. दुसरं मत जरूर घ्या. ‘जंतू चिकटतच नाही असा आयात सांधा’ विकणाऱ्याकडून मात्र घेऊ नका. असा सांधा नाही.

प्रश्न : यजमानांना खुब्याचा क्षय आहे. सहा महिने गोळ्या झाल्या, दुखत नाही. बंद कराव्यात? (सोलापूर)

अजिबात नाही. सहा महिने हा फुप्फुसाच्या क्षयाचा हिशेब. हाडासांध्यांच्या क्षयाला दोन महिने चार औषधं आणि पुढे दहा महिने तीन, असं किमान वर्ष लागतं. गरज पडली तर दीड वर्षापर्यंत वाढवतात. गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि पोषणासाठी महिना 1,000 रुपये खात्यात जमा होतात, त्यामुळे खर्चापायी कुणी थांबू नये. लघवी नारिंगी होणं रिफाम्पिसिनमुळे आहे, घाबरू नका. पण रंग ओळखण्यात किंवा नजरेत फरक वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ते इथॅम्ब्युटॉलमुळे असू शकतं.

प्रश्न : खुब्यात नुकतंच स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. पुढच्या महिन्यात सांधा बदलायचाय.

सर्जनना आजच सांगा. मध्ये तीन महिन्यांचं अंतर हवं.

प्रश्न : बदललेला खुबा आहे, दात काढायचाय. अँटिबायोटिक घ्यावं का?

सर्वांना सरसकट नाही. मधुमेह अनियंत्रित असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा या सांध्याला आधी जंतुसंसर्ग होऊन गेला असेल, तर दंतवैद्य आणि सर्जन दोघांना विचारून ठरवा. दाताच्या मुळाशी पू असेल, तर तो मात्र महिनोन्‌महिने तसाच ठेवू नका.